हुपरीचा डबा आणि गौण वाक्यं

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

आक्का,

नमस्कार. पोचल्याचं कळव म्हणाला होतात. फोन तर मीच तुमच्या कपाटात ठेवून आले, मुख्य परीक्षा होईपर्यंत हात लावणार नाही म्हणून. तेव्हा मोठ्या तोंडाने बोलून गेले आणि आता चिठ्ठी लिहायला बसलेय. सकाळच्या एस.टी.ने तुमचा डबा येतो, संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत जातो, त्याच रिकाम्या डब्यात ही घालतेय. आकाराम ड्रायव्हर विचारत होते, "वैनी, डबा रिकामा हाय न्हवं? मग एवढा जपून का ठिवताय?" मी नुसती हसले.

खोली बरी आहे. माझ्याबरोबर हातकणंगल्याची शबनूर आहे. तीही याच परीक्षेला बसतेय. अभ्यासिका दोन गल्ल्या सोडून. सकाळी जाऊन बसलं की संध्याकाळपर्यंत मान वर काढायची नाही, असा नियम केलाय. गणित माझं चांगलं चाललंय. मराठीचीही भीती नाही. घोडं अडतंय ते इंग्रजी व्याकरणात, आणि त्यातही क्लॉजमध्ये. वाक्याच्या एका तुकड्याखाली रेघ मारलेली असते आणि विचारतात, हा क्लॉज कोणत्या प्रकारचा ते ओळखा. माझे निम्मे चुकतात. पूर्व परीक्षेत निभावलं, मुख्य परीक्षेत निभायचं नाही.

तुम्ही चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडता तो आवाज नाही, त्यामुळे अभ्यासाला बसल्यासारखंच वाटत नाही. घरी होते तेव्हा म्हणायचे, आक्का, थोडा वेळ काम थांबवा, डोकं उठलं. आता इथे इतकं शांत आहे की तुम्ही पैंजण घेऊन शेजारी येऊन बसावं असं वाटतं. ह्यांचा फोटो पिशवीत ठेवलाय. तीन वर्षं झाली, तरी नवीन जागी गेलं की आधी ह्यांना सांगावंसं वाटतं.

डब्याबरोबर चार ओळी पाठवत जा.

तुमची
क्रांती

*

हुपरी,
१४ नोव्हेंबर

क्रांती,

कागद आमटीच्या कप्प्यात कशाला घातलास? पिवळा होऊन आला. पुढच्या वेळी झाकणाखाली ठेव. तू पोचलीस हे मला आकारामने त्याच दिवशी सांगितलं. स्टँडवर रडत उभी होतीस हेही सांगितलं. ते तू लिहिलं नाहीस.

माझं बरं आहे. घुंगरं जोडायचं काम भरपूर आलंय. विश्वजित होता तेव्हा डाग द्यायचं, चांदीचे सांधे जुळवायचं काम तो करायचा, आता ते बाहेरून करून घेते आणि माल आला की मी बसते. तुझी जागा रिकामी दिसते म्हणून तिथे पाट्या ठेवल्या. मग पाट्या बघून जास्तच कसंतरी झालं, म्हणून परत उचलल्या.

काल चिमणाबाई येऊन बसली. तिला काम नाही आणि तोंडाला दम नाही. म्हणाली, "आक्का, सुनंला शिकवालीस खरं, पण एकदा नोकरी लागली की ती कशाला बघती मागं? तरणी हाय. दुसरं घर करंल. तू बस मग घुंगरं मोजत." मी म्हटलं, "करंल तर करंल. मी काय दावणीला बांधायला आणलीया व्हय तिला?" बोलायला बोलले, पण ती गेल्यावर चार पैंजण उलटे जोडले आणि सगळे उसवत बसले.

ते क्लॉज म्हणजे काय असतंय ते जरा मला कळव. तुला कोण छळतंय ते तरी मला समजू दे.

पोटभर जेव.

आक्का

*

कोल्हापूर,
२ डिसेंबर

आक्का,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लिहिल्याने माझंही पक्कं होईल.

मोठ्या वाक्याच्या पोटात लहान वाक्यं असतात. जे एकटं उभं राहू शकतं ते मुख्य वाक्य. ज्याला दुसऱ्याला टेकावं लागतं ते गौण. गौण वाक्याचे तीन प्रकार. 'आक्का म्हणाल्या की कागद पिवळा झाला.' काय म्हणाल्या? कागद पिवळा झाला, हे. ते नामवाक्य. 'जो डबा आक्का भरतात तो गरम असतो.' कोणता डबा? आक्का भरतात तो. हे विशेषण वाक्य. 'गाडी आली तेव्हा मी स्टँडवर होते.' केव्हा होते? गाडी आली तेव्हा. हे क्रियाविशेषण वाक्य. मराठीत किती सोपं वाटतं बघा. इंग्रजीत माझी चूक अशी व्हायची की मी पहिला शब्द बघून ठोकून द्यायचे. 'व्हेअर' दिसला की कुठे, म्हणजे क्रियाविशेषण, लिहून मोकळी. पण तोच शब्द तिन्ही प्रकारांत येऊ शकतो. अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरून कोणीतरी सांगितलं, पहिल्या शब्दाला भुलू नका, क्रियापदाला प्रश्न विचारा आणि उत्तर कुठे सापडतंय ते बघा. तेव्हापासून जरा बरं जमतंय. रोज दुपारी जेवणाच्या वेळेत थोडं शिकून घेते.

शबनूर बहिणीच्या लग्नासाठी हातकणंगल्याला गेलीय, महिनाअखेरीला येईल. खोलीत अजिबात करमत नाही. संध्याकाळी डबा गाडीत ठेवते तेव्हा वाटतं, त्याच्या शेजारी आपणही बसावं आणि हुपरीला उतरावं. तुम्ही दारात असाल, मला बघून म्हणाल, "काय गं, परीक्षा बुडिवलीस?" तेही ऐकायला आवडेल इतकं वाटतं. मग परत अभ्यासिकेत जाते.

थंडीने भूक फार वाढलीय. दोन भाकरी जास्त घालाल का? भाजीही थोडी.

तुमची
क्रांती

*

हुपरी,
९ डिसेंबर

क्रांती,

दोन काय, तीन भाकरी जास्त घालतेय. अभ्यासाने भूक लागते हे मला मान्य आहे.

पण एक गोष्ट मला उलगडत नाही. गेल्या मंगळवारी मी माझ्यापुरती कारल्याची भाजी केली होती आणि घाईत ती तुझ्या डब्यात गेली. डबा गेल्यावर ध्यानात आलं, जीव हळहळला, पोरगी उपाशी राहणार म्हणून. संध्याकाळी डबा आला तर कारल्याचा कप्पा चाटून पुसून साफ. लग्न होऊन आल्यापासून तू माझ्या हातचं कारलं खाल्लेलं नाहीस. विश्वजितने पैज लावली होती तरी तोंड वाकडं करून थुंकून आली होतीस. मला वाटलं टाकून दिलं असेल. पण तू अन्न टाकणारी नव्हेस.

म्हणून शुक्रवारी मुद्दाम कारलं केलं. काल परत केलं. दोन्ही वेळा कप्पा साफ, रसाला भाकरी फिरवल्याच्या खुणा.

आता तू शिकवलंस तसं मी क्रियापदाला प्रश्न विचारते. कारलं कोणी खाल्लं?

आक्का

*

कोल्हापूर,
११ डिसेंबर

आक्का,

तुम्ही पण ना! अहो, शबनूरला कारलं फार आवडतं. मेसचं जेवण तिला सोसत नाही, म्हणून माझ्याबरोबर बसते. भाकऱ्या तिच्यासाठीच मागितल्या होत्या. सांगायला संकोच वाटला, तुमच्यावर कामाचा भार पडायचा म्हणून.

काल सराव परीक्षेत क्लॉजचे दोनच प्रश्न चुकले. तुम्हाला सांगितल्याशिवाय त्याचा आनंद पुरा होईना.

तुमची
क्रांती

*

हुपरी,
१३ डिसेंबर

क्रांती,

शबनूर बहिणीच्या लग्नाला गेलीय आणि महिनाअखेरीला येणार, असं तूच लिहिलंस. ती पोरगी हातकणंगल्याहून माझं कारलं खायला रोज कोल्हापूरला येते की काय?

खोटं बोलायचं तर आधीची चिठ्ठी आठवून बोलावं. तुला ते जमत नाही, याचं मला बरंच वाटतं. सोबत घडी घातलेली दुसरी चिठ्ठी आहे. ती कारलं खाणाऱ्या माणसाला दे. तू उघडू नको.

आक्का

*

(आतली चिठ्ठी)

कारलं खाणाऱ्यास,

नाव, गाव कळवा. भाजीला मीठ पुरतं का तेही कळवा.

हुपरीची आक्का

*

कोल्हापूर,
१४ डिसेंबर

आक्कांना सादर नमस्कार.

मीठ बरोबर असतं. माझं नाव राजवर्धन, गाव गडहिंग्लज तालुक्यात. आमच्याकडून सकाळच्या वेळेत डबा पोचेल अशी गाडी नाही, म्हणून मी मेसमध्ये जेवत होतो. क्रांती मॅडम मला गणित समजावतात, मी त्यांना क्लॉज. पहिल्यांदा कारलं आलं त्या दिवशी त्या ते बाजूला सारत होत्या, म्हणून मी मागितलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते राहिलं. एवढ्या चवीचं कारलं आमच्या आईलाही जमत नाही. हे तिला कळवू नये ही विनंती.

आपला
राजवर्धन

*

कोल्हापूर,
१४ डिसेंबर

आक्का,

त्यांची चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही.

खोटं लिहिलं, चुकलं. पुरुष माणूस आहे म्हटल्यावर तुम्हाला काय वाटेल या भीतीने लिहिलं. आमच्यात तसलं काहीही नाही. ते क्लॉज चांगले शिकवतात, मी उदाहरणं सोडवते, जेवतो आणि आपापल्या टेबलावर जातो. तुमच्या मनात काही येऊ देऊ नका. परीक्षा झाली की मी घरी येणार आहे, आणि नोकरी लागली तर हुपरीच्या जवळचंच ठिकाण मागणार आहे. हे मी निघतानाही बोलले होते, आजही तेच आहे.

काहीतरी लिहा. ओरडा, पण लिहा.

तुमची
क्रांती

*

कोल्हापूर,
५ जानेवारी २०२५

आक्का,

इतके दिवस झाले, तुमची एक ओळ नाही. डबा वेळेवर येतो. भाकऱ्या पुन्हा माझ्या एकटीपुरत्या झाल्या. मी समजले.

डबा उघडला की आधी झाकण उलटं करून बघते. मग कप्पे काढून खाली बघते. शबनूर आता परत आलीय, ती म्हणते, "क्या ढूंढती है रोज? हिरा टाकलाय का तुझ्या सासूने?" तिला काय सांगू?

मी अभ्यासिकेतलं टेबल बदलून घेतलं. आता दाराजवळ बसते. क्लॉज मला बऱ्यापैकी यायला लागलेत, आता कोणी शिकवायची गरज नाही. राजवर्धनना तसं सांगितलं. ते बरं म्हणाले. यापुढे तुम्हाला त्या बाजूने काही त्रास होणार नाही.

आकारामना विचारलं, आक्का कशा आहेत? म्हणाले, "हायत की. पण बोलत न्हाईत." तुम्ही आणि न बोलणं! मला फार भीती वाटते. एक वेळ परीक्षा गेली तर चालेल, पण तुम्ही माझ्याशी बोलायच्या थांबलात तर मी कोणाकडे बघून अभ्यास करू? मला तुमची फार आठवण येते. तुम्ही माझ्या वेणीला तेल लावताना मान धरता ना घट्ट, तेवढीसुद्धा आठवण येते.

दोन ओळी लिहा.

क्रांती

*

हुपरी,
१० जानेवारी

क्रांती,

काल मी कोल्हापूरला येऊन गेले. तुला भेटले नाही. रागावू नको, पुढे वाच.

विश्वजितला दवाखान्यातून घरी आणलं, त्यानंतर मी कोल्हापूरचं तोंड पाहिलं नव्हतं. काल डबा भरून गाडीपाशी नेला आणि आकारामच्या हातात द्यायच्या ऐवजी स्वतःच चढले. तो म्हणाला, "आक्का, डब्यासंगट तुमीबी?" मी म्हटलं, "गप गाडी चालिव." वाटेत उचगाव आलं, पुढे शहर दिसायला लागलं. डबा मांडीवर घट्ट धरून बसले.

खरं सांगते, तुझ्याशी भांडायला आले होते. तुझी ती चिठ्ठी वाचल्यापासून मनात एकच घोळत होतं, चिमणाबाई खरी ठरली. रागानेच एकटीपुरत्या भाकऱ्या घालत होते. लिहायला बसले की वाकडंच लिहिलं जायचं, म्हणून लिहिलं नाही.

स्टँडवर उतरले तर तू नाहीस. एक उंच, चष्मेवाला पोरगा आकारामकडे हुपरीचा डबा मागत होता. आकाराम माझ्याकडे बघायला लागला. मी डोळे वटारल्यावर तो चहाला निघून गेला.

"कुणाचा डबा न्यायला आलायसा?" मी विचारलं.

"क्रांती मॅडमचा, मावशी. त्यांचा आन् शबनूरचा पेपर हाय आज, सरावाचा. शबनूरनं मला पाठवलंय."

"तुमी कोण त्यांचं?"

"कोण न्हाय. शेजारच्या टेबलावर बसतो. म्हंजे, बसत हुतो."

मी म्हटलं, माझ्या भाचीला ते क्लॉज का काय येत नाहीत, तेवढं मला समजावून सांगा, मी तिला सांगते. दुसरा कोणी असता तर हसला असता. हा बाकावर माझ्याशेजारी बसला, समोरच्या गाड्या दाखवून शिकवायला लागला. "बघा मावशी, जी गाडी हुपरीला जाती ती तिकडं उभी हाय. कुठली गाडी? हुपरीला जाती ती. ह्ये झालं विशेषण वाक्य. आता दुसरं. ती म्हणाली की मला जमणार न्हाय. काय म्हणाली? मला जमणार न्हाय. ह्ये नामवाक्य."

"कोण म्हणाली?"

"वाक्यातली, मावशी." कान लाल झाले त्याचे.

"आन् का जमणार न्हाय म्हणाली, वाक्यातली?"

चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "कारण तिची आक्का हुपरीत एकटी हाय." आणि सवयीने असेल, पुढे म्हणाला, "ह्ये क्रियाविशेषण वाक्य झालं. कारण दावणारं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी विचारलं, तुमच्या घरच्यांचं काय? म्हणाला, "वडलांना, आण्णांना सगळं सांगितलंय. ती आधीची कुणाची हुती, ह्येबी. ते म्हणाले, पोरगीनं व्हय म्हणू दे, मग बघू. पण ती न्हाय म्हणाली. टेबलबी बदललं. मी काय जबरदस्ती करणार हाय व्हय? तिच्या जागी मी असतो तर मलाबी तशी आक्का सोडवली नसती."

मग मी पिशवीतून डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. आधी त्याला काही कळेना. डब्यावरचं तुझं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि भर स्टँडवर खाली वाकला. मी म्हटलं, "उठा. गार व्हायच्या आत घिऊन जावा." आणि त्याच गाडीने परत आले.

आता माझं ऐक. माझ्यामुळे तू त्याला नाही म्हणालीस, हे ऐकून मला आधी आनंद झाला. खोटं कशाला लिहू? वाटलं, माझी क्रांती कुठं जात नाही, आता जाऊन चिमणाबाईला सांगते. गाडी सुटेपर्यंत खुशीत होते. मग तो पोरगा डबा हातात घेऊन अभ्यासिकेच्या दिशेने चालत जाताना खिडकीतून दिसला आणि माझी मलाच लाज वाटली. तू अजून तिशीची नाहीस. मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागे त्या घरात तू घुंगरं जोडत बसणार, आणि आक्कासाठी थांबले होते असं भिंतींना सांगणार. हे मला सोसणार नाही.

'तसलं काही नाही' असं लिहून तू मला फसवलंस. तुला तो नको असेल तर नको म्हण, मी परत विषय काढणार नाही. हवा असेल तर हवा म्हण. पण माझं नाव पुढे करून नाही म्हणू नको. संध्याकाळच्या डब्यात उत्तर हवं.

आक्का

*

कोल्हापूर,
१० जानेवारी

आक्का,

काल तुम्ही इथे होता आणि मी परीक्षेच्या हॉलमध्ये बसून होते! राजवर्धननी डबा टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "गरम आहे." मला काहीच सांगितलं नाही. तुम्ही स्टँडवर एकट्या उतरलात, त्या रस्त्याने आलात, आणि मी तुमचा हात धरायला नव्हते. दुपारपासून डोळ्यांचं पाणी खळत नाही.

तुम्ही सरळ विचारलंत, सरळ लिहिते. हवा आहे, आक्का.

कधीपासून ते मलाच कळलं नाही. जेवताना त्यांच्याशी बोलायला बरं वाटायचं, तेव्हा मी ह्यांच्या फोटोकडे बघायचं टाळायचे. मग एकदा बघितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं वाटलं होतं. ह्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, हसरा. मी खूप रडले. ह्यांना विसरले नाही. विसरणार नाही. तरीही हवा आहे.

पण मी नाही म्हणाले ते नुसतं तुमच्या काळजीने नव्हतं. माझीही भीती होती. दुसरं लग्न केलं की मी हुपरीची कोण? ह्यांच्या दिवसांना माझा भाऊ आला होता, तो जाताना काय म्हणाला तुम्हाला माहीत आहे. "आता तिकडंच काय ते बघ." त्यानंतर त्याने एकदाही चौकशी केली नाही. माझं माहेर त्या दिवशीच संपलं. सासर म्हणून जे घर आहे तेही मी आपल्या हाताने सोडलं, तर कुठल्या तोंडाने परत येऊ? बायका भांडल्या, दमल्या, आजारी पडल्या की म्हणतात, चार दिवस माहेरी जाते. मी काय म्हणायचं? तुम्हाला आक्का म्हणायचा तरी मला काय अधिकार राहील?

तुम्ही जा म्हणालात तरी मला जाववणार नाही. तुम्ही थांब म्हणालात तर मी एका शब्दाने कुरकुरणार नाही. तुम्ही सांगा.

तुमची
क्रांती

*

हुपरी,
१५ जानेवारी

क्रांती,

उत्तराला उशीर झाला, कारण मला आधी विश्वजितशी बोलायचं होतं. त्याच्या फोटोपुढे बसले, सगळं सांगितलं आणि पोटभर रडले. तो माझा मुलगा आहे. त्याची बायको दुसऱ्याच्या घरी जाणार म्हटल्यावर माझ्या काळजाला पीळ पडणारच. तेव्हा मी लगेच हसत सुटेन असं समजू नको. लग्नात मी रडले तर रडू दे, कोणी गप्प करायला येऊ नका.

पण लग्न होऊ दे. मी सांगते म्हणून नव्हे, तुला हवं आहे म्हणून. परीक्षा झाली की राजवर्धनला आणि त्याच्या आण्णांना हुपरीला घेऊन ये. बोलणी माझ्याशी होतील. तोवर परत त्याच्या शेजारच्या टेबलावर बस आणि अभ्यास कर. दाराजवळ वारं लागतं. क्लॉजचा एक जरी प्रश्न चुकवलास तर त्याला जाब विचारीन.

चिमणाबाईला मी आपणहून सांगून टाकलं. ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं हुतं न्हवं, जाणार म्हणून?" मी म्हटलं, "जाती की. लेकी जात्यातच."

आणि तू विचारलंस, हुपरीची मी कोण? तू विश्वजितच्या मागून या घरात आलीस, ते खरं. पण तो गेल्यावर तीन वर्षं तू कोणासाठी राहिलीस? तेव्हा मला आक्का म्हणायचा अधिकार तू माझ्याकडे मागू नको. माहेर नाही असंही परत लिहू नको, वाचवत नाही.

श्रावणात पंचमीला लेकींना माहेरी आणायला त्यांच्या सासरी मुराळी जातो. भाऊ जातो. तुझा भाऊ यायचा नाही, आणि माझ्या घरात पाठवायला आता पोरगा नाही. म्हणून गडहिंग्लजच्या गाडीतून मी स्वतः उतरेन. तुझ्या नव्या सासूला आधीच सांगून ठेव, हुपरीहून मुराळी येणार आहे आणि ती बाई आहे. मला चहासाठी सुद्धा थांबवू नका. तू पिशवी भरून दारात उभी राहा.

तुझी
आक्का